रागवा, पण किती वेळ?



प्रायश्चित्त संस्काराला जाण्यापूर्वी आपण बाकावर गुडघे टेकून सद्सद्विवेकबुद्धीची तपासणी करतो. त्या वेळी बहुतेकांच्या यादीत पहिल्या दोन-तीन ओळींतच एक वाक्य असते : ‘मला राग आला.’ शाळेत जाणारे मूल ते सांगते, नातवंडे असलेली आजीही तेच सांगते. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सात प्रमुख पापे पाठ केली, त्यांत राग होता. त्यामुळे राग आला की पाप झाले, असे गणित आपल्या मनात लहानपणापासून पक्के बसले आहे.

हे गणित बरोबर नाही, आणि त्यातून घरात मोठे नुकसान होते. जो माणूस रागालाच पाप समजतो तो राग लपवायला शिकतो. ‘मी कुठे रागावलोय?’ असे तो दातओठ खाऊन म्हणतो आणि चार दिवस घरात कुणाशी बोलत नाही. राग गेला म्हणावा तर गेलेला नसतो, फक्त आतल्या खोलीत जाऊन बसलेला असतो.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार आनंद, दुःख, भीती, राग या भावना स्वतः होऊन चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात. आपली बुद्धी आणि इच्छाशक्ती त्यांचे पुढे काय करतात यावर सारे ठरते. सूड घ्यावासा वाटणे, दुसऱ्याचे जाणूनबुजून वाईट इच्छिणे, हे पाप. तेराव्या शतकातील थोर शिक्षक संत थॉमस अक्विनास तर याच्या पुढे जातात. अन्याय समोर दिसत असताना ज्याला राग येतच नाही त्याच्या ठायीही काही उणे असू शकते, असे त्यांचे म्हणणे आहे.

दाराशी टपलेले पाप

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातील काईन आपल्याला आठवतो तो भावाच्या खुनासाठी. पण खुनाच्या आधी दोन वचने आहेत, ती आपण घाईने वाचून पुढे जातो (उत्पत्ती ४:६-७). हाबेलाचे अर्पण स्वीकारले गेले, आपले नाही, म्हणून काईन संतापला आहे, त्याचा चेहरा उतरला आहे. अशा वेळी देव त्याच्याशी बोलायला येतो. तो त्याला ओरडत नाही. तो त्याला रागाचे कारण विचारतो. मग सावध करतो, की पाप तुझ्या दाराशी टपून बसले आहे आणि त्याच्यावर ताबा तुलाच मिळवायचा आहे.

ही जागा नीट पाहा. काईनाला राग आलेला आहे आणि पाप अजून दाराबाहेर आहे. दोहोंच्या मध्ये उंबरठा आहे. काईनाला विचार करायला वेळ मिळाला होता, प्रत्यक्ष देवाने त्याला प्रश्न विचारला होता. काईनाने उत्तर दिले नाही. तो भावाला घेऊन शेतात गेला.

आता शुभवर्तमानाकडे वळू. प्रभू येशूला राग आला होता का? आला होता, आणि मार्कने तो लपवलेला नाही (मार्क ३:१-५). शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात हात वाळलेला एक माणूस आहे. येशू त्याला बरे करतो की काय आणि आपल्याला त्याच्यावर दोष ठेवायला मिळतो की काय, याकडे लोक डोळे लावून बसले आहेत. येशू प्रश्न विचारतो, कुणी उत्तर देत नाही. त्यांच्या मनाचा कठीणपणा पाहून त्याला राग येतो आणि त्याच क्षणी दुःखही होते, असे मार्क सांगतो. मग तो काय करतो? त्या माणसाला हात पुढे करायला सांगतो. एक हात बरा होतो. रागाचा शेवट कुणाच्या तरी बरे होण्यात झाला, असा हा प्रसंग आहे.

मंदिरातील व्यापाऱ्यांना हुसकावल्याचा प्रसंग तर सर्वांना माहीत आहे. ‘येशूनेसुद्धा चाबूक घेतला होता’ असे म्हणून आपण आपल्या आरडाओरड्याला शुभवर्तमानाचा शिक्का मारून घेतो. तसे म्हणणाऱ्यांनी मार्कच्या अकराव्या अध्यायातील अकरावे वचन वाचावे. येशू यरुशलेमात आला, मंदिरात गेला, सभोवार सगळे पाहिले आणि उशीर झाला होता म्हणून बारा जणांबरोबर बेथानीला परत गेला. टेबले उलथली ती दुसऱ्या दिवशी. म्हणजे मार्कच्या सांगण्यानुसार पाहणे आणि करणे यांच्यामध्ये एक अख्खी रात्र गेली होती.

वीस मिनिटे

हा मधला वेळ इतका महत्त्वाचा का, हे शरीराकडे पाहिले की कळते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली वेदना, भूक, भीती आणि राग यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. राग आला की मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या छोट्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते. छाती धडधडते, श्वास जलद होतो, स्नायूंकडे रक्त धावते, पचन थांबते. रागात घास घशाखाली उतरत नाही तो यामुळेच. शरीर लढायला किंवा पळायला तयार होते. समोर वाघ असेल तर हे फार उपयोगाचे आहे. समोर सासूबाई असतील तर नाही.

अमेरिकेतील जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाने नवरा-बायकोंना प्रयोगशाळेत बोलावून, त्यांच्या हृदयाचे ठोके मोजत, त्यांना त्यांच्याच नेहमीच्या वादाच्या विषयावर बोलायला लावले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचे म्हणणे नीट ऐकूच येत नाही, असे त्यांना दिसले. कान उघडे असतात, पण मन फक्त हल्ला शोधत असते. एका प्रयोगात त्यांनी वाद मध्येच थांबवला, यंत्रात काही दुरुस्ती करायची आहे असे सांगितले आणि जोडप्यांना काही वेळ मासिके वाचत बसवले. पुन्हा बोलायला बसली तेव्हा तीच माणसे, तोच विषय, पण ठोके खाली आलेले आणि बोलणे बरेच सुधारलेले. म्हणून भांडणात किमान वीस मिनिटांची सुट्टी घ्यावी, असा त्यांचा सल्ला आहे.

पण ही सुट्टी सांगून घ्यावी. दार आपटून निघून जाणे म्हणजे सुट्टी नव्हे, तो भांडणाचाच पुढचा भाग झाला. ‘आता बोललो तर वेडेवाकडे बोलेन. जेवणं झाल्यावर बोलू,’ एवढे वाक्य पुरते. त्यात ‘बोलू’ हा शब्द सर्वात महत्त्वाचा. मागे राहिलेल्या माणसाला कळते की तो परत येणार आहे.

त्या वीस मिनिटांत काय करावे? राग ‘बाहेर काढून टाकावा’, उशीवर बुक्के मारावेत, म्हणजे मोकळे वाटते, असे अनेकजण सांगतात. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी चिडवले. मग काहींना चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारू दिले, तर काहींना नुसते शांत बसवून ठेवले. ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले. शांत बसलेले सर्वात कमी आक्रमक होते. आगीला वाट करून देतो असे म्हणत आपण तिला वाराच घालत असतो.

म्हणून झाडांना पाणी घाला, नाक्यावरच्या क्रुसापर्यंत चालून या. पवित्र माळेची पाच रहस्ये म्हणायला साधारण वीस मिनिटेच लागतात, हेही लक्षात असू द्यावे. मात्र बोटे मण्यांवर आणि मन ‘ती मला असं कसं म्हणाली’ यावर, असे असेल तर ती माळ नव्हे, ती ठोसे मारायची पिशवीच. अशा वेळी प्रभूला सरळ सांगावे, की मला हिचा राग आलाय. स्तोत्रकर्त्यांनी देवाला याहून कडक गोष्टी सांगितल्या आहेत.

जाता जाता एक साधी गोष्ट. आपल्या बऱ्याच घरांत भांडणाची वेळ ठरलेली असते : संध्याकाळी सात ते नऊ. विरारच्या गाडीतून घामाघूम होऊन उतरलेला माणूस, दिवसभर राबलेली बाई, अभ्यासाला बसायला तयार नसलेली मुले, आणि सगळ्यांच्या पोटात भूक. त्या दोन तासांत पैशांचा आणि माहेरचा विषय काढू नये. आधी जेवावे.

राग की आणखी काही?

आपल्या मराठीत रागाला किती नावे आहेत! चिडचिड, वैताग, त्रागा, रुसवा, संताप, तिडीक, कुढणे, आकस, अढी, डूख. ही नावे एकाच गोष्टीची नाहीत. रुसव्याला कुणीतरी समजूत काढावी असे वाटत असते. वैताग बहुधा थकव्याचा असतो. अढी जुनी असते. डूख धरलेला माणूस संधीची वाट पाहत असतो, आणि तेथे पाप दाराबाहेर राहिलेले नसते, ते आत येऊन पाट घेऊन बसलेले असते.

भावनेला तिचे नेमके नाव दिले की तिचा जोर कमी होतो, असे मेंदूच्या अभ्यासातूनही दिसले आहे. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरची भावना शब्दांत सांगितली की मेंदूतील भय-रागाशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी झालेली आढळली.

घरात तर याचा रोजचा उपयोग आहे. मुलगी रात्री दहापर्यंत घरी येत नाही, फोन उचलत नाही. ती दारात दिसताच बाप ओरडतो, ‘हे काय घर आहे की धर्मशाळा?’ बापाला वाटते आपल्याला राग आला आहे. खरे तर दोन तास तो घाबरलेला होता. तिला ‘बाळा, मी फार घाबरलो होतो’ असे तो म्हणाला असता, तर मुलीने कदाचित उलट उत्तर दिले नसते. भीती बोलून दाखवणे पुरुषांना जड जाते, राग सोपा वाटतो. आपणच मुलग्यांना तसे वाढवले आहे : पडला तर ‘रडतोस काय मुलीसारखा’ आणि कुणाला मारून आला तर हसून ‘भारी तापट आहे हो आमचा’!

सूर्यास्त

वीस मिनिटे ही खालची मर्यादा झाली. वरची मर्यादा संत पौल घालून देतो. राग आला तरी त्याची मजल पापापर्यंत जाऊ नये आणि दिवस मावळण्याच्या आत तो उतरलेला असावा, असे तो इफिसच्या ख्रिस्ती लोकांना सांगतो. त्यालाच जोडून सैतानाला शिरकाव करू देऊ नका, असेही बजावतो (इफिसकरांस ४:२६-२७).

सूर्यास्तच का? पौल यहुदी परंपरेत वाढलेला होता, आणि यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला संपतो. नियमशास्त्रातही सूर्यास्ताची ही मुदत दोनदा येते (अनुवाद २४:१२-१५). गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यायची, कारण त्याची सारी आशा तीवर असते. आणि गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर तेही सूर्यास्ताला परत करायचे, म्हणजे त्याला पांघरून झोपता येईल. पौलाचे वचन या नियमाशेजारी ठेवून वाचावे. आपल्या घरातही रात्री कुणीतरी पांघरुणावाचून झोपत असते. आपण धरून ठेवलेला एक शब्द त्याच्या हक्काचा असतो.

रागाच्या बाबतीत संत फ्रान्सिस द सेल्स यांचा अनुभव मोलाचा आहे. १५६७ मध्ये जन्मलेले हे जिनिव्हाचे महागुरुस्वामी आज सौम्यतेसाठी ओळखले जातात, पण त्यांचा मूळ स्वभाव तापट होता आणि त्याच्याशी ते अनेक वर्षे झगडले. भक्तिमय जीवनावरील १६०९ सालच्या आपल्या पुस्तकात ते व्यवहारी सल्ला देतात : रागाचे कृत्य हातून घडले की ताबडतोब त्याच माणसाशी सौम्यतेचे कृत्य करून त्याची भरपाई करा, कारण ताजी जखम लवकर भरते. शिवाय ते आणखी एक सांगतात, की आपल्याला राग आला म्हणून स्वतःवर रागावत बसू नका. तोही रागच.

संत फ्रान्सिस रागाला घरात घेऊच नये या मताचे आहेत, तर संत थॉमस त्याला न्यायासाठी जागा ठेवतात. मला वाटते, दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. गावातले पाणी चोरले जात असेल, मजुराचे पैसे बुडवले जात असतील, तर संत थॉमस यांचे ऐकावे. भाजीत मीठ जास्त पडले असेल तर संत फ्रान्सिस यांचे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबविषयक पत्रात हाच मुद्दा घेतला. समेट केल्याशिवाय दिवस संपवू नका, आणि त्यासाठी गुडघे टेकायलाच हवेत असे नाही, एखादी छोटीशी कृतीही पुरते, असे ते कुटुंबांना सांगत. आपल्याकडे ती कृती म्हणजे बहुधा चहाचा कप. न बोलता समोर ठेवलेला चहा पुष्कळ काही सांगतो. तरी एक पुस्ती जोडावीशी वाटते : घाव शब्दाचा असेल तर चहाने भागत नाही. ‘तुझ्या आईवरून बोललो, ते चुकलं’ हे तोंडानेच म्हणावे लागते, आणि मुलांसमोर बोलला असाल तर मुलांसमोरच.

अबोला

आपल्या समाजात मारामारीपेक्षा अबोल्याने जास्त घरे पोखरली आहेत. ‘मी भांडत नाही, मी बोलतच नाही,’ असे अभिमानाने सांगणारी माणसे आहेत. एकाच स्वयंपाकघरात दोघे वावरतात आणि मूल निरोप्या होते : ‘तुझ्या बाबांना सांग, जेवण वाढलंय.’ बाबा तीन फुटांवर उभे असतात.

अबोला म्हणजे शांती नव्हे. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या अभ्यासात अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना मन हेलावणारा चित्रपट दाखवून त्याबद्दल बोलायला सांगितले. काही जोड्यांत एकीला आपल्या भावना लपवायची गुप्त सूचना होती. अशा जोड्यांत नुसते तिच्याशी बोलणाऱ्या दुसरीचाही रक्तदाब वाढला. मग वर्षानुवर्षे तुटलेल्या बोलण्याच्या घरात वाढणाऱ्या लेकरांचे काय होत असेल?

अबोल्याचे खरे दुखणे ‘आधी कोण?’ हे आहे. ‘चूक त्याची, त्याने यावं.’ येथे प्रभूची दोन वचने शेजारी-शेजारी ठेवावीत. एका ठिकाणी तो म्हणतो, की वेदीपाशी आल्यावर आठवले की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा (मत्तय ५:२३-२४). म्हणजे दुखावले आहे ते दुसऱ्याला, जायचे आहे ते मला. दुसऱ्या ठिकाणी, भावाने आपला अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला सांगावे, असे आहे (मत्तय १८:१५). म्हणजे दुखावलो आहे मी, आणि तरी जायचे मलाच. दोन्ही बाजूंनी पळवाट बंद! दोघे निघाले तर वाटेत कुठेतरी भेटतील.

मिस्सात शांतीचे अभिवादन करताना आपण मागच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला हसून नमस्कार करतो. पलीकडच्या रांगेत सख्खा भाऊ बसलेला असतो. वाडीच्या बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून, चार फुटांच्या वाटेवरून त्याच्याशी बोलणे बंद असते. पुतण्याच्या लग्नाला गेलो नाही, वहिनीच्या मयताला मात्र मागे उभे राहिलो. जमिनीचा वाद मोजणीने किंवा न्यायालयात सोडवण्यात काही गैर नाही. खटला चालू असतानाही ‘कसा आहेस रे?’ असे विचारता येते.

जेथे हा पाठ लागू पडत नाही

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. वर लिहिलेले सारे रोजच्या रागालोभाबद्दल आहे, मारहाणीबद्दल नाही. नवरा दारू पिऊन हात उगारतो, धमक्या देतो, पैसे काढून घेतो, तेथे ‘सूर्य मावळायच्या आत तूच माफ कर’ असे त्या स्त्रीला सांगणे म्हणजे पौलाच्या शब्दांचा दुरुपयोग आहे. ‘तुझा क्रूस आहे, सोस,’ हे वाक्य आपल्या आया-बहिणींनी फार ऐकले आहे. ख्रिस्तसभा तसे शिकवत नाही. जोडीदारामुळे स्वतःला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्यात आहे (नियम ११५३), आणि अशा प्रसंगी वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरू शकते, असे ‘आमोरिस लेतित्सिया’ सांगते (परिच्छेद २४१). देशाचा २००५ सालचा घरगुती हिंसाचारविरोधी कायदाही संरक्षण देतो. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ या क्रमांकांवर मदत मिळते. क्षमा मनात करता येते. त्यासाठी त्याच छताखाली मार खात राहावे लागत नाही.

राग आवरत नाही, नंतर पश्चात्ताप होतो, पुन्हा तेच घडते, असे ज्यांचे होते त्यांनीही एकटे झगडत राहू नये. सतत चिडचिड, झोप न लागणे, कशातच मन न रमणे ही नैराश्याचीही लक्षणे असू शकतात. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. मधुमेहासाठी डॉक्टरांकडे जाताना आपण लाजत नाही, मग यासाठी का लाजावे?

लघुख्रिस्ती समूहांच्या पुढच्या सभेसाठी मार्क ३:१-५ हा उतारा घ्यावा. वाचन झाल्यावर दोन प्रश्नांवर बोलावे. येशूचा राग आणि त्याचे दुःख मार्कने एकाच वाक्यात का ठेवले असेल? आणि आपल्या घरात भांडण झाल्यावर पहिला शब्द बहुधा कोण बोलते, आणि नेहमी त्याच माणसाने का बोलावे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सभेत द्यायची सक्ती नाही. घरी जाताना वाटेत एकमेकांना दिले तरी चालेल.